दम कुणाच्या हातात?

७ ऑक्टोबर २०२३. परभणीत बस स्टँडजवळच्या एका चहाच्या टपरीवर सात-आठ जण एका मोबाईलभोवती जमलो होतो. चीनमधल्या हांगझोऊ इथे आशियाई क्रीडा स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना चालू होता. भारत विरुद्ध इराण. गुण २८-२८. शेवटचे जेमतेम मिनिट उरलेले. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला. ही चढाई 'डू ऑर डाय'ची होती, म्हणजे गुण घेतला नाही तर चढाई करणारा बाद. पवन कुणाला स्पर्श न करता लॉबीत गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले, आणि वाद पेटला. जुन्या नियमाने एक निकाल, नव्या नियमाने दुसरा. पंच गोंधळले, खेळाडू मैदानात बसून राहिले. तासाभराच्या आसपास खेळ थांबला. शेवटी भारताने ३३-२९ ने सुवर्णपदक जिंकले.

त्या तासाभरात टपरीवर दोन प्रश्न विचारले गेले. पहिला एका ओळखीच्याने मला हसत हसत विचारला, "काय मग, तुम्ही कुणाच्या बाजूने?" समोर इराण असल्यामुळे आलेला हा प्रश्न आहे, हे मलाही कळले आणि त्यालाही. त्याचे उत्तर पुढे देतो.

दुसरा प्रश्न आमच्या बडे अब्बांचा. म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सत्तरी ओलांडलेली, तरुणपणी जिंतूर तालुक्यातल्या गावागावांत हुतूतू खेळलेले. लॉबी, रेषा, सेकंद यावर चाललेली सगळी चर्चा त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "ते सगळं ठीक आहे रे, पण त्याचा दम होता की तुटला होता, हे कुणी बघितलं का?"

कुणीच बघितले नव्हते. विचारायचे कुणाच्या डोक्यातही आले नव्हते. त्या प्रश्नाने मला या लेखाकडे आणले.

छातीतले घड्याळ

कबड्डी हा मुळात दमाचा खेळ. एका श्वासात शब्द घोकत समोरच्या अंगणात जायचे, गडी मारायचा आणि श्वास संपायच्या आत मध्यरेषेला परत यायचे. शब्द प्रांताप्रांतात वेगळा. आपल्याकडे हुतूतू, बंगालमध्ये हाडूडू, तेलुगू मुलखात चेडुगुडु. पण श्वास एकच. दुसऱ्याच्या अंगणात असताना दम तुटला की चढाई करणारा बाद. म्हणजे या खेळात प्रत्येक चढाईला वेळेचे बंधन पहिल्यापासून होते. फक्त ते घड्याळ पंचाच्या हातात नव्हते, खेळाडूच्या छातीत होते.

'दम' हा शब्द फारसीतून मराठीत आला. फारसीत त्याचा अर्थ श्वास. मराठीने तो इतका आपलासा केला की आता त्याचे मूळ कुणी विचारत नाही. दम धरणे, दम खाणे, दम देणे, दम निघणे, दमछाक, बेदम, दमदार. शेतकऱ्यापासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तो आहे. गावच्या खेळात पंच असायचा तो कानाचा. रेषेवर कोण गेले हे पोरेही सांगत. शब्द मध्येच गिळला की श्वास चोरला, हे मात्र जाणत्यालाच कळे.

हा खेळ नियमांच्या चौकटीत बसवण्याचे काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत प्रामुख्याने मराठी माणसांनी केले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने स्पर्धा भरवली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला ऑलिंपिकच्या निमित्ताने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यात हा खेळही होता. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. पुढे शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी आयुष्य वेचून खेळ आशियाभर नेला आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत त्याला पदकाचा दर्जा मिळाला. हे नियम पुण्या-बडोद्यात घडत होते तेव्हा आपली परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. खेळ आपल्या मातीत होता, पण त्याचे नियम दुसरीकडे ठरत होते. ही स्थिती फारशी बदललेली नाही.

त्या काळी खेळाचे तीन प्रकार होते. 'गामिनी'त बाद झालेला गडी परत येत नसे. सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत त्याने बाहेरच बसायचे. सामन्याला वेळेचे बंधन नसे, ठरलेले लोण पुरे होईपर्यंत खेळ चाले. 'अमर'मध्ये कुणी बाहेरच जात नसे, फक्त गुण मोजले जात. 'संजीवनी'त समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होऊन परत येई, आणि खेळ ४० मिनिटांचा. आजच्या कबड्डीने संजीवनी उचलली. गामिनी मागे पडली याचे एक कारण उघड आहे. शेतातून आलेल्या माणसाला दिवसभर सामना बघायला वेळ होता, शाळेच्या आणि स्पर्धेच्या वेळापत्रकाला नव्हता. वेळेने खेळाला पहिला लगाम तिथे घातला. तेव्हाही जुनी माणसे कुरकुरली असतीलच.

मध्यरेषेवरची लबाडी

जुन्या खेळाचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवता कामा नये. ४० मिनिटांची मर्यादा आली आणि तिच्यासोबत वेळ मारण्याची कलाही आली. चार गुणांची आघाडी मिळाली की संघ खेळणे बंद करी. चढाई करणारा दम घेत जायचा, निदान रेषा ओलांडायचा आणि कुणाच्या वाटेला न जाता परत यायचा. नियमात सगळे बसत होते. दमही होता, रेषाही ओलांडली होती. फक्त खेळ नव्हता. ज्याचा दम मोठा तो जास्त वेळ खाई. मागे पडलेल्या संघाने काय करायचे? बघत उभे राहायचे. बडे अब्बाही हे कबूल करतात. "आम्ही पण करायचो," म्हणतात. "जिंकत असलो की."

समोरच्या अंगणात सहा किंवा जास्त गडी असताना बोनस रेषा ओलांडली तर गुण, हा नियम याच आळसावरचा उतारा होता. पण खरा घाव बसला तो व्यावसायिक लीगच्या काळात. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि दोन नियम घराघरांत पोहोचले. एक, चढाई ३० सेकंदांत संपली पाहिजे. दोन, सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घ्यायचाच, नाहीतर बाद. शिवाय तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर एक गुण जादा. मातीच्या जागी मॅट आली, वर दिवे, बाजूला मोठे घड्याळ.

हिशोब करून बघा. ४० मिनिटांत प्रत्येक चढाई पुरे ३० सेकंद चालली तरी ८० चढाया होतात. म्हणजे प्रत्येक संघाला निदान चाळीस संधी. आघाडीवरच्या संघाला आता लपता येईना. दहा-बारा गुणांनी मागे पडलेला संघ शेवटच्या पाच मिनिटांत सामना फिरवू लागला. ज्यांनी कधी कबड्डी पाहिली नव्हती अशा घरांत बायकापोरे टीव्हीसमोर बसली. हा न्याय होता आणि धंदाही होता. दोन्ही एकाच वेळी.

त्याच वर्षी, अमेरिकेत

गंमत अशी की २०१४ च्या फेब्रुवारीत, आपली लीग सुरू व्हायच्या पाच महिने आधी, अमेरिकेत नेमका उलटा वाद रंगला होता.

तिथल्या कॉलेजांचा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा आपला फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन समोरच्यांची भिंत फोडत पुढे सरकायचे, असा तो खेळ. दर डावपेचानंतर खेळ थांबतो आणि चढाई करणारा संघ डोकी जुळवून कोंडाळे करतो, पुढची चाल ठरवतो. त्याला ते हडल म्हणतात. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रीत पडली, असे सांगितले जाते. हातवाऱ्यांची भाषा समोरच्यांना दिसू नये म्हणून मुले गोल करून उभी राहत.

पुढे काही प्रशिक्षकांनी हे कोंडाळेच काढून टाकले. खूण करायची आणि लगेच पुढची चाल. पुढची चाल सुरू करायला नियमाने ४० सेकंद मिळतात, पण हे संघ त्यातले निम्मेही वापरत नसत. बचाव करणाऱ्यांना गडी बदलायला सवड नाही, दम खायला सवड नाही. धिप्पाड खेळाडूंचे जड संघ हैराण झाले. अलाबामाचे निक सेबन आणि आर्कान्सॉचे ब्रेट बिलेमा या नामवंत प्रशिक्षकांनी आवाज उठवला. या वेगाने खेळाडूंना इजा होतील, असे त्यांचे म्हणणे. नियम समितीने प्रस्ताव आणला की पहिली दहा सेकंदे चाल सुरू करायची नाही, त्या वेळात बचावाला गडी बदलू द्यायचे. मोडणाऱ्याला दंड कोणता? 'विलंब केल्याचा'. लवकर खेळले म्हणून उशीर केल्याची शिक्षा!

वेगवान संघांचे प्रशिक्षक उसळले. इजा वाढल्याचा पुरावा दाखवा, असे ते म्हणाले. पुरावा समाधानकारक नव्हता. उलट लोकांना एवढे आठवत होते की तीनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, वेगवान खेळाचे पुरस्कर्ते गस मल्झान यांच्या ऑबर्नने सेबन यांच्या अलाबामाला ३४-२८ असे हरवले होते. मार्चमध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. आणि सेबन? त्यांनी चढाईसाठी नवा प्रशिक्षक आधीच नेमला होता, आणि पुढे आपल्याही संघाचा वेग वाढवला.

म्हणजे एकाच वर्षी तिकडे लगाम घालायचा प्रयत्न, इकडे चाबूक. वरून दोन्ही उलटे दिसतात, आतला प्रश्न एकच होता. समोरच्याला दम खाऊ द्यायचा की नाही, आणि हे ठरवणार कोण? वेगाच्या बहुतेक भांडणांत लोक परंपरा आणि सुरक्षितता यांची नावे घेतात. ती खोटीच असतात असे नाही. पण नाव घेणारा त्या वेळी जिंकत होता की हरत होता, हे आधी बघावे.

पाथरीच्या वारसदारांचा वेग

हा वाद आपल्या दख्खनला नवा नाही. परभणी जिल्ह्यातले पाथरी आपल्याला साईबाबांच्या जन्माच्या श्रद्धेमुळे माहीत आहे. पण इतिहासकार फरिश्ता सांगतो की अहमदनगरच्या निजामशाहीच्या मूळ पुरुषाचे घराणे या पाथरीचे, ब्राह्मण कुळातले. पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे असताना ती मिळवण्यासाठी निजामशहांनी लढाया केल्या, त्या या नात्यापोटीही.

याच निजामशाहीचा शेवटचा मोठा रखवालदार मलिक अंबर. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी, पुढे राज्याचा कारभारी. समोर मुघलांचे फौजफाटा, तोफा, हत्ती, बाजारबुणगे घेऊन चालणारे जड लष्कर. अंबरने मराठा आणि दख्खनी स्वारांच्या हलक्या तुकड्या केल्या. रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, समोरासमोर उभे राहायचे नाही, आणि मुख्य म्हणजे शत्रूला मुक्काम टाकून दम खाऊ द्यायचा नाही. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. जहांगीराने आपल्या आठवणींत अंबरला शिव्या घातल्या आहेत. मोठ्या फौजेच्या मालकाला छोट्याचा वेग नेहमीच बेकायदेशीर वाटतो.

वेग हे अनेकदा दुबळ्याचे हत्यार असते, हे अंबरने दाखवले आणि ऑबर्ननेही. पण तो नेहमी दुबळ्याच्याच हाती राहतो असे नाही. म्हणून पुन्हा कबड्डीकडे येऊ.

घड्याळाने काय दिले, काय नेले

दहा वर्षांत एक विचित्र गोष्ट घडली. तिसरी चढाई निर्णायक करून खेळ वेगवान होईल असे वाटले होते. पण प्रशिक्षकांनी हिशोब मांडला. तिसऱ्या चढाईत समोरच्याला यावेच लागते, तर मग त्याची पकड करणे सोपे. मग कित्येक संघ पहिल्या दोन चढाया मुद्दाम रिकाम्या घालवू लागले आणि तिसरीवर डाव लावू लागले. जुनी मध्यरेषेवरची लबाडी नव्या नियमाच्या दारातून आत आली. नियमाने वेग आणता येतो, पण खेळायची इच्छा आणता येत नाही.

दुसरी गोष्ट दमाची. नियमाच्या पुस्तकात 'कबड्डी कबड्डी'चा उच्चार स्पष्ट ऐकू यावा असे आजही आहे. पण दहा हजार माणसांच्या गोंगाटात, ढोल आणि समालोचनात, तो ऐकणार कोण? ३० सेकंदांचे घड्याळ डोळ्यांना दिसते, श्वास दिसत नाही. जे दिसत नाही ते हळूहळू मोजलेही जात नाही. बडे अब्बांचा प्रश्न नेमका हाच होता.

तरीही दम संपला असे मी म्हणणार नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुषांना इराणने उपांत्य फेरीत २७-१८ असे हरवले, आणि महिलांच्या अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ असे नमवले. त्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी फारसी शिकून घेतली आणि सरावात योग आणि प्राणायाम आणला. इराणमध्ये 'ज़ू' नावाचा एका श्वासात खेळायचा जुना खेळ आहेच. फारसीने मराठीला दम हा शब्द दिला होता. काही शतकांनी एका मराठी बाईने फारसी बोलणाऱ्या मुलींना दम कसा टिकवायचा ते शिकवले. उधारी फिटली म्हणायची.

आता टपरीवरच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. हांगझोऊच्या त्या सुवर्णविजेत्या भारतीय संघात अस्लम इनामदार होता, नगर जिल्ह्यातला. समोर इराणकडून मोहम्मदरेझा शाद्लू होता. पाच महिन्यांनी, १ मार्च २०२४ ला, हे दोघे एकाच रंगाच्या बनियनमध्ये उभे होते. हैदराबादला झालेल्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा लीग जिंकली. कर्णधार अस्लम, बचावात शाद्लू. मला विचारणाऱ्याने त्या दिवशी पुण्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी त्याला काही विचारले नाही.

तीस सेकंद, पण कुठे?

वेग चांगला की वाईट, हा प्रश्न मला आता अपुरा वाटतो. ३० सेकंद कागदावर सगळ्यांना सारखेच. पण वेगवान खेळाला लागते काय? मॅट, चांगले बूट, बाकावर बसलेले पाच ताजे राखीव खेळाडू, गुडघा दुखावला तर उपचार करणारे कुणीतरी. अमेरिकेतल्या भांडणातही शेवटी प्रश्न बाकाचाच होता. बदलायला ज्याच्याकडे गडी होते त्याला सवड हवी होती.

आमच्याकडे जिंतूर, सेलू, पालम, सोनपेठच्या गावांत पोरे आजही काळ्या रानाच्या कडेला मुरूम टाकून रेघा आखतात. सात जमले की संघ झाला. आठवा मिळाला तर तो पंच होतो. मातीवर पाय रुततो, वेग आपोआप कमी होतो, आणि पडले तर मातीच सांभाळून घेते. तोच पोरगा जिल्हा निवडीला मॅटवर गेला की त्याचा पाय वेगळाच पडतो. त्याचा दम कमी नसतो. पण तिथे दम मोजत नाहीत, सेकंद मोजतात.

छातीतल्या घड्याळाची एक गोष्ट मोठी होती. ते विकत घ्यावे लागत नव्हते. नायकवडीच्या पोराकडे होते, मोहल्ल्यातल्या पोराकडे होते, वस्तीवरच्या पोराकडेही होते. पंचाच्या हातातले घड्याळ जास्त प्रामाणिक आहे, हे मला मान्य. ते आघाडीवाल्याची लबाडी पकडते. ते परत काढून टाका असे मी म्हणत नाही. पण ज्यांनी वेळ आपल्या हातात घेतली, त्यांनी त्या वेळेत धावायला लागणारी साधनेही गावापर्यंत पोहोचवायला हवीत. वेग वरून ठरवायचा आणि ठेच मात्र खालच्याने खायची, हा कुठला न्याय?

त्या दिवशी निकाल लागल्यावर टपरीवर जल्लोष झाला. बडे अब्बा उठले. घराकडे चालताना मी त्यांना विचारले, "तुमचा दम किती टिकायचा?"

ते थांबले. तोंडाने हळूच 'हुतूतूतू' सुरू केले आणि चालू लागले. कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत पोहोचलो तेव्हा थांबले, धापा टाकत हसले. मी सवयीने मोबाईलवर वेळ बघितली होती. किती सेकंद झाले ते मी त्यांना सांगितले नाही. त्यांनी विचारलेही नाही.